सोसायटीचं बिल एकच, भाषा अनेक : ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांपैकी तुमची कोणती आणि का?

मासुंदा (धागाकर्ता)

ऐरोली, महापे, घणसोली किंवा इकडे वागळे इस्टेट, कुठेही मुलाखतीला गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो: तुमची भाषा कोणती? उत्तर बहुतेक वेळा 'कॉलेजात जी शिकवली ती' एवढंच असतं. वाद घालायला बसलं की 'जावा जुनी झाली', 'पायथन सोपी आहे' यापलीकडे गाडी जात नाही. म्हणून इथे सगळ्या ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषांना, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं 'ऑब्जेक्ट' नावाच्या एका घटकात बांधणाऱ्या भाषांना, एकच काम देऊ आणि त्याच कामावर बोलू.

काम असं. घोडबंदर रोडवरची एक सोसायटी आहे. २४ फ्लॅट आणि तळमजल्यावर ४ दुकानं, एकूण २८ गाळे. दर महिन्याला देखभालीचं बिल काढायचं. सेवाशुल्क सगळ्यांना समान. पाण्याचे पैसे नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. गाळा भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क, सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. म्हणजे सेवाशुल्क २,४०० रुपये असेल तर २४० रुपयांच्या वर नाही. थकबाकीवर सरळव्याज, दर सभा ठरवेल तो. १२,००० रुपये ३ महिने थकले आणि दर २१ टक्के धरला तर व्याज ६३० रुपये.

प्रतिसादात एवढंच सांगा: तुमच्या भाषेत हे लिहिताना चूक झाली तर ती सापडते कुठे? कंपाइल करताना (कोड चालवण्याआधी तपासून भाषांतरित होताना), चालवताना, की सभासद बिलाचा कागद घेऊन ऑफिसात आल्यावर? माझ्या लेखी तुलनेची खरी कसोटी तीच. माझी पसंती कोटलिन आहे, कारणं खाली ओघाने येतील.

गवळीदेव

जावा. सुरुवात सरळ करतो. 'गाळा' हा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे थेट ऑब्जेक्ट न बनवता येणारा मूळ साचा; त्यात क्रमांक, क्षेत्रफळ आणि 'मासिक आकार' ही मेथड (क्लासमधलं फंक्शन). 'फ्लॅट' आणि 'दुकान' त्याचे सबक्लास, म्हणजे त्याचे गुण वारशाने घेणारे क्लास (हेच इन्हेरिटन्स). भाड्याने दिलेल्यासाठी 'भाड्याचा फ्लॅट' हा फ्लॅटचा सबक्लास, त्याने आकाराची मेथड ओव्हरराइड करून (तीच मेथड स्वतःच्या पद्धतीने लिहून) १० टक्के वाढवायचे. जावात सगळ्या मेथड मुळातच व्हर्च्युअल, म्हणजे सबक्लासला बदलता येणाऱ्या, असतात, त्यामुळे २८ गाळ्यांची यादी फिरवली की प्रत्येकाची योग्य ती मेथड आपोआप चालते. ओव्हरराइड हे अ‍ॅनोटेशन मात्र प्रत्येक वेळी लिहाच. ते नसेल आणि पॅरामीटरचा प्रकार चुकून वेगळा पडला, तर जावा ती नवीनच मेथड समजते, तक्रार करत नाही, आणि बिल जुन्याच हिशोबाने निघतं.

जावा ८ पाहून मत बनवलेल्यांना एक विनंती. १६ मध्ये रेकॉर्ड (फक्त माहिती धरणारा छोटा क्लास) आले, १७ मध्ये सील्ड क्लास (ज्याचे सबक्लास ठरावीकच), २१ मध्ये स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग (ऑब्जेक्टचा प्रकार पाहून वाट निवडणं). तिन्ही एकत्र वापरली तर पूर्वीचा अर्धा पसारा जातो.

खजिनदार_कोपरी

प्रोग्रामिंगवाल्यांच्या धाग्यात हिशोबवाल्याने शिरतोय, पण 'भाड्याचा फ्लॅट' या क्लासबद्दल सांगणं भाग आहे. बिनभोगवटा शुल्क हा फ्लॅटचा कायमचा गुण नाही. एप्रिलमध्ये मालक स्वतः राहतो, मे महिन्यात लीव्ह अँड लायसन्स होतं, अकरा महिन्यांनी पुन्हा मालक येतो. शिवाय मालक नाही म्हणजे शुल्क लागलंच, असंही नसतं. सदस्याचे कुटुंबीय, विवाहित मुलगी किंवा नातवंडं राहत असतील तर हे शुल्क लावता येत नाही. आणि दहा टक्के सेवाशुल्कावर मोजायचे, सगळ्या बिलावर नाही. महापालिकेचा मालमत्ता कर त्यात धरला की सभासद हमखास हरकत घेतो आणि ती योग्य असते.

येऊर

खजिनदार काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. गवळीदेव, तुमची रचना इथेच अडते. जावा, सी++, सी शार्प, कोटलिन यांपैकी कुठल्याही भाषेत एकदा जन्मलेला ऑब्जेक्ट आपला क्लास बदलू शकत नाही. मे महिन्यात 'फ्लॅट'चा 'भाड्याचा फ्लॅट' करायचा म्हणजे नवीन ऑब्जेक्ट बनवा, जुन्यातली थकबाकी, पार्किंग, नामनिर्देशन सगळं त्यात उचला, आणि जुन्या ऑब्जेक्टचा संदर्भ जिथे जिथे धरून ठेवलाय ती प्रत्येक जागा शोधून बदला. एक जागा राहिली की त्या फ्लॅटची दोन रूपं एकाच वेळी जिवंत. एकावर पावती चढते, दुसऱ्यावरून बिल निघतं. पायथनमध्ये चालत्या ऑब्जेक्टचा क्लास बदलता येतो, पण तो रस्ता धरू नका. नव्या क्लासला लागणारी फील्ड (माहितीचे कप्पे) त्यात आपोआप येत नाहीत.

याच्या पुढचं संकट म्हणजे दुकानही भाड्याने जातं. मग 'भाड्याचं दुकान'. त्यात पार्किंग असलेला आणि नसलेला. दोन प्रकार, दोन भोगवटे, दोन पार्किंगच्या स्थिती म्हणजे ८ क्लास, आणि गुणाकार थांबत नाही.

उपाय जुना आहे. 'गाळा' हा एकच साधा क्लास ठेवा. त्याच्या आत 'भोगवटा' नावाचं फील्ड: स्वतः, कुटुंबीय किंवा भाडेकरू, प्रत्येकाला लागू झाल्याची तारीख. आणि 'आकारणी' हा इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात याचा फक्त करार), ज्यात एकच मेथड: गाळा आणि महिना द्या, रक्कम परत येईल. सेवाशुल्क, पाणी, दुरुस्ती निधी, बिनभोगवटा, व्याज हे त्या इंटरफेसचे वेगवेगळे छोटे क्लास. बिल म्हणजे या आकारण्यांची यादी फिरवून केलेली बेरीज. सभेने नवीन शीर्ष मंजूर केलं की एक क्लास वाढतो, बाकी कशाला हात लागत नाही.

म्हणूनच माझी पसंती गो किंवा रस्ट. दोन्हींत क्लासचं इन्हेरिटन्स मुळातच नाही. गोमध्ये इंटरफेस आहेत आणि एका स्ट्रक्टमध्ये (फील्डच्या गटात) दुसरा बसवता येतो, रस्टमध्ये ट्रेट (इंटरफेससारखे करार) आहेत. चुकीच्या वाटेला जायची सोयच नाही.

मासुंदा

येऊर, रचनेशी शंभर टक्के सहमत, भाषेच्या निवडीशी नाही. हीच रचना जावात, कोटलिनमध्ये, सी शार्पमध्ये तितकीच नीट लिहिता येते. फरक पडतो तो भाषेने मुळात काय ठरवून ठेवलंय याने. जावात क्लास उघडा असतो, बंद करायला फायनल लिहावं लागतं. कोटलिनमध्ये क्लास बंदच असतो, उघडायला ओपन लिहावं लागतं, आणि ओव्हरराइड हा शब्द सक्तीचा आहे. गवळीदेव यांनी वर सांगितलेली अ‍ॅनोटेशनची चूक कोटलिनमध्ये ओव्हरराइड लिहिलं असेल तर कंपाइलच होत नाही; तोही शब्द राहिला आणि पॅरामीटरचा प्रकार वेगळा पडला, तर मात्र तिथेही ती नवीन मेथडच ठरते.

पारसिक

सी++ बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पदविकेला आणि बऱ्याच कॉलेजांत ऑब्जेक्टची पहिली ओळख याच भाषेतून होते, आणि तिथेच काही सवयी चुकीच्या लागतात.

येऊर यांचीच आकारण्यांची यादी घ्या. नवशिका ती 'आकारणी'च्या व्हेक्टरमध्ये (यादीत) ठेवतो, पॉइंटर (ऑब्जेक्टचा पत्ता) न वापरता. आकारणीची मेथड प्युअर व्हर्च्युअल (मूळ अंमलबजावणी नसलेली) असेल तर कंपायलर तिथेच अडवतो, ते बरंच. पण तिला 'शून्य रुपये' अशी मूळ अंमलबजावणी दिलेली असेल तर सगळं कंपाइल होतं, चालतं, आणि बिल शून्य रुपयांचं येतं. कारण व्हेक्टरमध्ये टाकताना सबक्लासचा भाग कापला जाऊन फक्त बेस (मूळ) क्लासएवढा तुकडा कॉपी होतो. याला स्लाइसिंग म्हणतात. जावा किंवा पायथनमध्ये हे घडूच शकत नाही, तिथे यादीत संदर्भच असतात. सी++ मध्ये युनिक पॉइंटरचा (ऑब्जेक्टची एकट्याने मालकी धरणाऱ्या पॉइंटरचा) व्हेक्टर करा. युनिक पॉइंटर सी++११ पासून आहे आणि तो बनवायचं मेक-युनिक हे फंक्शन सी++१४ पासून.

दुसरी जागा डिस्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी मेथड. बेस क्लासचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल नसेल आणि बेसच्या पॉइंटरवरून ऑब्जेक्ट नष्ट केला, तर पुढे काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. बहुधा सबक्लासचा डिस्ट्रक्टर चालत नाही आणि त्याने उघडलेली फाइल तशीच राहते. युनिक पॉइंटर यातून वाचवत नाही, तोही आतून तेच डिलीट करतो. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरमध्ये यासाठी खास चेतावणी आहे, ती चालू करून ठेवा, आणि चेतावणी म्हणजे एरर असं बिल्डमध्येच लिहा.

तिसरी, नाव झाकलं जाणं. बेसमध्ये 'आकार' नावाच्या दोन मेथड, एक महिना घेणारी, एक तारीख घेणारी. सबक्लासने त्यातली एकच ओव्हरराइड केली की सबक्लासच्या ऑब्जेक्टवरून दुसरी दिसेनाशी होते. यूझिंग लिहून ती परत आणावी लागते.

एवढं असूनही माझी पसंती सी++ च, पण कामानुसार. ऑब्जेक्ट नेमका कधी नष्ट होणार हे इथे माहीत असतं. स्कोप संपला की फाइल बंद, लॉक मोकळं. मशीनवरचं नियंत्रण, प्रतिमा प्रक्रिया, ट्रेडिंग, खेळांची इंजिनं यांत हे सोन्याच्या मोलाचं. सोसायटीच्या बिलाला ही भाषा घेऊ नये हे मात्र मी स्वतः सांगते.

उपवन

पायथनवाल्यांतर्फे. बिलाचं काम दोन दिवसांत उभं राहतं यात शंका नाही. पण धागाकर्त्याची कसोटी लावली तर पायथन बऱ्याच चुका चालवतानाच दाखवते, आणि काही तर कागद छापल्यावर.

सगळ्यात जास्त दिसणारी: क्लासच्या अंगातच 'पावत्या = रिकामी यादी' असं लिहिणं. ती यादी क्लासची होते, ऑब्जेक्टची नाही. बी-४०२ ची पावती अ‍ॅपेंड केली की ती २८ ही गाळ्यांत दिसते. यादी इनिट मेथडच्या (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या) आत, सेल्फवर (त्या ऑब्जेक्टवर) बनवायला हवी. डेटाक्लास वापरला, पायथन ३.७ पासून तो आहे, तर अशी थेट यादी दिल्यावर तो क्लास बनतानाच एरर देतो आणि डीफॉल्ट फॅक्टरी लिहायला सांगतो. तेवढ्यासाठी तरी डेटाक्लास वापरावा.

एक गोष्ट पायथन जावापेक्षा चांगली करते. गाळ्याला 'समान कधी' ही ईक्यू मेथड लिहिली आणि हॅशची (शोधासाठी लागणारा आकडा देणारी) लिहिली नाही, तर पायथन ३ तो ऑब्जेक्ट डिक्शनरीची की म्हणून घेतच नाही, जागेवर टाइपएरर. जावात इक्वल्स लिहून हॅशकोड विसरलात तर तक्रार नाही. हॅशमॅपमध्ये ठेवलेला गाळा तसाच दुसरा गाळा बनवून शोधला की बहुतेक वेळा 'सापडत नाही'.

टाइप हिंट लिहा आणि मायपाय किंवा पायराइट हे प्रकार तपासणारं साधन रोज चालवा. त्याशिवाय पाच हजार ओळींच्या पुढे नाव बदलणंसुद्धा धोक्याचं होतं.

खारफुटी

अजून पैशांवर कोणी आलं नाही आणि बिलात तर सगळा खेळ पैशांचाच. डबल (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असेल, ०.१ आणि ०.२ ची बेरीज त्यात नेमकी ०.३ येत नाही. पण त्यापुढे प्रत्येक भाषा वेगळी वागते, म्हणून एकच उदाहरण घेते. १,००,००० रुपये खर्च २८ गाळ्यांत समान वाटायचा. भागाकार ३५७१.४२८५७... असा न संपणारा.

जावा: बिगडेसिमलचा (नेमके दशांश साठवणाऱ्या प्रकाराचा) डिव्हाइड स्केल (किती दशांश ते) न देता वापरला तर अरिथमॅटिक एक्सेप्शन. प्रोग्राम थांबतो. हे मला आवडतं, विचार करायला भाग पाडतं.

कोटलिन: बिगडेसिमलवर भागाकाराचं चिन्ह चालतं, पण उत्तराला डावीकडच्या संख्येइतकेच दशांश देते. डावीकडे '१०००००' असं विनादशांश लिहिलं असेल तर उत्तर ३५७१. एरर नाही, चेतावणी नाही. २८ ने गुणलं तर ९९,९८८. बारा रुपये गेले. मासुंदा, तुमच्या पसंतीच्या भाषेत ही जागा लक्षात असू द्या.

सी शार्प: डेसिमल हा भाषेतलाच प्रकार आहे, २८-२९ अंकांपर्यंत. भागाकार सरळ होतो. पण पूर्णांकात आणताना मॅथ-राउंड मुळात जवळच्या सम अंकाकडे झुकतो, २.५ चे २ होतात. बिलात आपल्याला ३ हवे असतात, तेव्हा राउंडिंगचा प्रकार स्वतः लिहा. पायथनचा राउंडही सम अंकाकडेच जातो. जावाचा मॅथ-राउंड २.५ चे ३ करतो.

तुलना करताना आणखी एक खड्डा: जावात बिगडेसिमल २.० आणि २.०० यांना इक्वल्स समान मानत नाही, कंपेअर-टू मानतो. कोटलिनचं == आतून इक्वल्सच बोलावतं, त्यामुळे तिथेही 'समान नाही'. सी शार्पचा आणि पायथनचा डेसिमल दोन्ही समान धरतात.

माझी पसंती सी शार्प, आणि मुख्य कारण हा डेसिमल. विंडोजपुरती भाषा म्हणून तिला बाजूला ठेवणाऱ्यांसाठी: २०१६ पासून डॉटनेट कोअर लिनक्सवरही चालतं आणि ते मुक्तस्रोत आहे. तिचा दोषही सांगते. बेसमधली मेथड व्हर्च्युअल आहे आणि सबक्लासमध्ये त्याच नावाची लिहिताना ओव्हरराइड विसरलं, तर कंपायलर फक्त चेतावणी देतो. बिल्ड होतं. बेसच्या संदर्भावरून हाक मारली की जुनीच मेथड चालते.

खजिनदार_कोपरी

३५७१.४३ ने २८ गुणलं तर १,००,०००.०४ होतात. हे चार पैसे ताळेबंदात कुठे दाखवायचे?

खारफुटी

काका, दाखवायची वेळच येऊ द्यायची नाही. सगळं पैशांत, पूर्णांकात ठेवायचं. १,००,००,००० पैसे भागिले २८ म्हणजे प्रत्येकी ३,५७,१४२ आणि बाकी २४. पहिल्या २४ गाळ्यांना एकेक पैसा जास्त. बेरीज तंतोतंत. पुढच्या महिन्यात जास्तीच्या पैशाची सुरुवात पंचविसाव्या गाळ्यापासून करायची, म्हणजे कोणावर कायमचा भार नाही.

फक्त प्रकार लाँग (मोठा पूर्णांक) घ्या, इंट (लहान पूर्णांक) नको. इंटची कमाल २,१४,७४,८३,६४७, म्हणजे पैशांत मोजलं तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मोठ्या दुरुस्तीसाठी जमवलेला निधी एवढा सहज होतो. पुढे गेलं की जावा गुपचूप ऋण आकडा देते, सी शार्पसुद्धा, चेक्ड लिहिलं नसेल तर. जावात मॅथ-अ‍ॅड-एक्झॅक्ट वापरा, ते एक्सेप्शन टाकतं. स्विफ्ट तिथेच प्रोग्राम थांबवते. पायथनच्या पूर्णांकाला ही मर्यादा नाही. सी++ मध्ये चिन्हांकित पूर्णांक ओलांडला तर वर्तनाची हमीच नाही.

पारसिक

हमी नाही याला दुजोरा. चाचणीच्या बिल्डमध्ये सॅनिटायझर (चालताना अशा चुका पकडणारं साधन) चालू ठेवला तर तो ती ओळ दाखवतो.

मासुंदा

कोटलिनच्या भागाकाराची नोंद घेतली. धागा काढला तो यासाठीच.

आता माझ्या मते सगळ्यात उपयोगी तुलना. बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमधून) ओव्हरराइड झालेली मेथड बोलावली तर काय होतं? 'बिल' हा बेस, त्याचा कन्स्ट्रक्टर 'एकूण' ही मेथड बोलावून रक्कम साठवतो. 'दुकानबिल' हा सबक्लास, त्यात 'जादा आकार' हे फील्ड, किंमत ५००, आणि त्याने 'एकूण' ओव्हरराइड केलीय.

जावात सबक्लासचीच 'एकूण' चालते, पण त्या क्षणी ५०० अजून फील्डमध्ये भरलेले नसतात, तिथे ० असतो. बिल ५०० रुपयांनी कमी, तक्रार कुठेच नाही. कोटलिनमध्येही तेच, फक्त एडिटर पिवळी रेघ मारून सावध करतो. फील्ड आकड्याऐवजी एखादा ऑब्जेक्ट असेल तर 'नल असूच शकत नाही' अशा प्रकारातही नल दिसतो. सी++ मध्ये बेसचं बांधकाम चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट बेसच मानला जातो, म्हणून बेसची 'एकूण' चालते. बिल पुन्हा कमी, कारण वेगळं. सी शार्पमध्ये फील्डच्या ओळीतच ५०० लिहिले असतील तर ते बेसच्या कन्स्ट्रक्टरआधी भरलेले असतात, बिल बरोबर. तेच ५०० सबक्लासच्या कन्स्ट्रक्टरच्या अंगात भरले तर पुन्हा ०. पायथनमध्ये सुपरची इनिट आधी बोलावली आणि फील्ड नंतर भरलं तर अ‍ॅट्रिब्यूट-एरर, निदान आवाज तरी होतो. स्विफ्ट सगळ्यांत कडक: आपली सगळी फील्ड भरल्याशिवाय सुपरला हाक मारूच देत नाही, कंपाइल होत नाही.

जावा २५ मध्ये, सप्टेंबर २०२५ पासून, सुपरच्या ओळीआधी स्वतःची फील्ड भरायला परवानगी आली आहे. हा दोष तीस वर्षं भाषेत होता, आता निदान वाट मिळाली. तरी पथ्य तेच: कन्स्ट्रक्टरमध्ये फक्त फील्ड भरा, हिशोब नंतर मागितल्यावर.

येऊर

याचंच मूळ थोडं मागे आहे, अवांतर वाटलं तरी सांगतो. क्लास, सबक्लास, व्हर्च्युअल मेथड हे सगळं ऑस्लोमध्ये क्रिस्टेन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल यांच्या सिम्युला ६७ मधून आलं. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये 'सी विथ क्लासेस' सुरू केलं ते त्याच धाग्यावर, १९८३ मध्ये त्याचं सी++ झालं. दुसरी परंपरा झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या स्मॉलटॉक भाषेची, अ‍ॅलन के यांची. तिथे भर क्लासच्या उतरंडीवर नाही, ऑब्जेक्टनी एकमेकांना संदेश पाठवण्यावर आहे. रुबी त्या घराण्यातली. मेथड 'बोलावणं' आणि संदेश 'पाठवणं' यातला फरक रुबीत दोन आठवडे काम केलं की कळतो.

ठाणे_वाशी_८५२

वेबवाल्यांसाठी टाइपस्क्रिप्टचे दोन मुद्दे. एक, इथे प्रकार नावावरून नव्हे, आत कोणती फील्ड आहेत त्यावरून जुळतात. 'रुपये' आणि 'पैसे' असे दोन क्लास केले आणि दोघांतही फक्त 'मूल्य' हे संख्येचं फील्ड असेल, तर एकाच्या जागी दुसरा बिनतक्रार चालतो. बिल शंभरपट. त्या क्लासांत एक प्रायव्हेट फील्ड ठेवलं की ते वेगळे मानले जातात. दोन, ऑब्जेक्टची मेथड बटणाच्या क्लिकला नुसती नावाने दिली तर आतला 'धिस' (त्या ऑब्जेक्टचा संदर्भ) हरवतो आणि अनडिफाइन्डची एरर येते. अ‍ॅरो फंक्शनमध्ये गुंडाळून द्या.

नवशिकी_कळवा

सगळं वाचलं. दुसऱ्या वर्षाला आहे, सी झालं आहे, आता जावा चालू आहे. मिनी प्रोजेक्टला हेच सोसायटीचं बिल घेतलं तर चालेल का? आणि येऊर दादांची इंटरफेसची रचना घ्यायची की गवळीदेव सर म्हणतात ते सील्ड आणि स्विच? दोन्ही वाचून गोंधळ झालाय.

गवळीदेव

गोंधळ योग्य जागी झालाय, कारण दोन्ही बरोबर आहेत. खजिनदार काकांचा मुद्दा वाचल्यावर माझा 'भाड्याचा फ्लॅट' मी मागे घेतला, तो आधी खोडा.

आता विचारा, बदल कुठून येणार? आकारणीची नवीन शीर्षं येत राहणार: कधी लिफ्टचा खर्च, कधी रंगकामाची वर्गणी. प्रत्येकावर करायचं काम मात्र एकच, रक्कम काढणं. प्रकार वाढतात आणि कामं तेवढीच राहतात, तिथे इंटरफेस. भोगवट्याचं उलट आहे. प्रकार तीनच: स्वतः, कुटुंबीय, भाडेकरू. पण त्यांवर कामं वाढत जातात: शुल्क लावायचं का, नोटीस कोणाच्या नावाने, भाडेकराराची मुदत कधी संपते. तिथे सील्ड इंटरफेस, त्याखाली तीन रेकॉर्ड, आणि प्रत्येक कामासाठी एक स्विच. उद्या 'रिकामा' हा चौथा प्रकार आला तर डीफॉल्ट न लिहिलेला प्रत्येक स्विच कंपाइल व्हायचा थांबेल आणि बदल कुठे करायचा ती यादीच हातात मिळेल. म्हणून त्या स्विचमध्ये डीफॉल्ट लिहायचंच नाही.

क्रम असा धर. जेडीके (जावाचा विकास संच) २१ किंवा २५ घे. पहिल्या दिवशी फक्त 'रक्कम' हा रेकॉर्ड, आत लाँगमध्ये पैसे, आणि 'वाटप' मेथड. तिची चाचणी: १,००,००,००० पैसे २८ जणांत वाटून बेरीज तेवढीच आली पाहिजे. मग भोगवटा, मग गाळा, मग एकेक आकारणी. डेटाबेस आणि स्क्रीन शेवटी. बहुतेक मुलं स्क्रीनपासून सुरुवात करतात आणि हिशोबाचं लॉजिक बटणाच्या मेथडमध्ये जाऊन बसतं. मग चाचणी लिहायची सोय राहत नाही.

खारफुटी

दर कोडमध्ये लिहू नकोस. १० टक्के, २१ टक्के, ०.७५ टक्के हे सगळे 'लागू तारखेसह' बाहेरच्या तक्त्यात ठेव. जुन्या महिन्याचं बिल पुन्हा काढलं तर त्या महिन्याचाच दर लागला पाहिजे.

नवशिकी_कळवा

धन्यवाद. एकच शंका. गाळ्याची ओळख म्हणून विंग आणि क्रमांक मिळून हॅशमॅपची की करायची आहे. त्यासाठी इक्वल्स आणि हॅशकोड मी लिहू का?

उपवन

नको, रेकॉर्ड कर. विंग आणि क्रमांक अशी दोनच फील्ड, इक्वल्स-हॅशकोड जावा बनवून देते आणि फील्ड नंतर बदलता येत नाहीत, त्यामुळे मॅपमध्ये ठेवलेली की पुढे हरवत नाही. आत यादी किंवा अ‍ॅरे मात्र घालू नकोस. रेकॉर्ड वरून बंद असला तरी आतली यादी बदलता येते, आणि ती बदलली की हॅशही बदलतो.

गवळीदेव

आणि क्रमांक इंटिजरमध्ये ठेवून == ने तपासू नकोस. जावा -१२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर साठवून तेच पुन्हा देते, म्हणून १०१ चा फ्लॅट 'समान' येईल आणि २०१ चा येणार नाही. पहिल्या मजल्यावर चाचणी पास होते, दुसऱ्यावर बिघडते. साधा इंट घे, नाहीतर इक्वल्सने तपास.